न भिजलेले लंगोट

त्या नऊ दिवसांत आमच्या घरात दोन मुली होत्या. एक माझ्या मांडीवर, मुठी वळलेली, अडीच किलोची. दुसरी कुठे होती ते फक्त आईंना ठाऊक.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, नीला. डोंबिवलीतल्या शाळेत पंचवीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं खरं, पण टिटवाळ्याला पप्पांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, मम्मी त्यांच्या उठण्याबसण्यात गुंतलेली. म्हणून मी मानपाड्याला सासरीच राहिले. हॉस्पिटलमधून घरी आलो त्या बुधवारी दार उघडलं आणि माणसांच्या आधी वासच सामोरा आला. बाळंतिणीच्या घराला म्हणे स्वतःचा वास असतो, ओव्याच्या धुरीचा, भाजलेल्या खोबऱ्याचा, कोमट दुधाचा. आमच्या घराला जंतुनाशकाचा वास होता. फरशी, कड्या, पंख्याची बटणं, पाळण्याच्या दोऱ्या, सगळं पुसून काढलेलं. मला वाटलं, रिक्षानं फिरवून मला परत हॉस्पिटलातच आणलं.

आई दारात उभ्या होत्या. हात कोपरापर्यंत लाल, बोटांच्या पेरांवर भेगा. भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझ्या पायांवर पाणी घातलं, बाळाकडे डोळे भरून पाहिलं. पण घेतलं नाही.

"घ्या ना आई."

"नको गं. आत्ताच भाजी चिरलीय."

संध्याकाळी म्हणाल्या, आत्ताच दाराची कडी काढलीय. दुसऱ्या दिवशी, आत्ताच चष्मा पुसलाय. बाळाचं सगळं त्या करायच्या, दुपटी उकळायच्या, पाणी गाळून पुन्हा उकळायच्या, लंगोट धुवायच्या, इस्त्री फिरवायच्या. एक तेवढं बाळ सोडून सगळ्याला त्यांचा हात लागायचा.

आणि माझ्या अंगाला लागायचा त्यांचा नियम. पाजायच्या आधी पलंगाशी तीन वाट्या यायच्या. एकीत औषधी साबणाचा फेस, एकीत कोमट पाणी, एकीत जंतुनाशकाचे थेंब टाकलेलं दुधाळ पाणी. कापसाचे बोळे मोजून ठेवलेले. स्वतः दाराबाहेर उभ्या राहायच्या, तोंड भिंतीकडे करून.

"धुतलंस?"

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही, आई."

"मग आता घे तिला."

दिवसातून दहा वेळा, बारा वेळा. दुसऱ्याच दिवशी माझी बोंडं चिरली. बाळ जवळ घेतलं की ती तोंड आ करायची, मान इकडून तिकडे, इकडून तिकडे, आणि मग चुकीच्या दाराशी आल्यासारखी थबकायची. क्षणभर माझ्याकडे परक्यासारखं बघायची. मग तोंड फिरवून रडायची. मी पण.

गुरुवारी, पाचव्या दिवशी, दवाखान्यात डॉक्टरांनी वजन केलं. जन्मली तेव्हा दोन किलो आठशे. काट्यावर आलं दोन किलो पाचशे वीस.

"दहा टक्के उतरलंय," डॉक्टर म्हणाल्या. तरुण होत्या, बोलणं भरभर. "पहिल्या दिवसांत उतरतं, पण याच्या पुढे चालणार नाही. सोमवारी आणा, नवव्या दिवशी. अजून उतरलं असेल तर भरती करून घ्यावं लागेल. तोवर जास्त पाजा आणि शू मोजा. दिवसाला सहा लंगोट ओले व्हायला हवेत. कमी झाले तर सोमवारची वाट बघायची नाही, लगेच फोन."

नववा दिवस म्हटल्यावर आईंनी टेबलाची कड धरली. मग उठून बाहेर गेल्या. बाहेर बेसिनचा नळ बराच वेळ वाहत होता.

त्या दिवसापासून मी लंगोट मोजायला लागले. माझ्या पलंगावरून खिडकीतून बाल्कनीतली दोरी दिसते, दोरीपलीकडे कंपन्यांच्या शेडी आणि त्यांच्यावरचं धुरकट आभाळ. मी बांधायचे, सोडायचे, बादलीत टाकायचे. झोपेच्या ग्लानीत किती ते लक्षात राहायचं नाही. आई धुवायच्या, वाळत घालायच्या. मी संध्याकाळी दोरी मोजायचे. गुरुवारी सात. शुक्रवारी सात. सहाच्या वर एक. मी देवाला हात जोडले, डॉक्टरांना फोनवर आकडा कळवला आणि सौमित्रला सांगितलं, "वजनाचं होईल रे नीट. शू होतेय."

सौमित्र माझा नवरा, कोलशेतच्या एका कंपनीत. नवीन काम अंगावर पडलेलं, सुट्टी चारच दिवस मिळालेली. घरी आला की दारातच चपला, मोजे, शर्ट सगळं काढून आईंच्या हुकमाने थेट मोरीत. "माझ्याच घरात मला ॲडमिशन मिळायला तासभर लागतो," म्हणायचा.

दुपार मात्र वेगळी असायची. सासरे वाचनालयात, सौमित्र कामावर. तीनच्या सुमाराला कंपन्यांकडून तो आंबूस वास यायचा, आई खिडक्या लावून घ्यायच्या आणि खोली पाण्याखाली गेल्यासारखी व्हायची. बाळ झोपलेलं असायचं. दाराशी आई येऊन उभ्या राहायच्या.

"रडतेय ती."

"नाही आई. झोपलीय."

त्या पाळण्याकडे बघायच्याच नाहीत. खिडकीखाली जी रिकामी जागा आहे, जिथे पूर्वी म्हणे या घरातला जुना पाळणा असायचा, तिथे बघायच्या. मग "बरं," म्हणायच्या, चोरी पकडली गेल्यासारखं, आणि मोरीत जायच्या. नळ सुरू व्हायचा. दुसऱ्या दिवशी तीन वाजता पुन्हा.

"आईच्या रेडिओला एक्स्ट्रा स्टेशन लागतं," मी सांगितलं तेव्हा सौमित्र हसला. पण मला हसू येईना. कारण शुक्रवारी दुपारी आई येण्याआधीच मी डोळे उघडून, श्वास धरून खिडकीखाली बघत पडले होते.

जाईबाई आल्या शुक्रवारी. बाळबाळंतिणीला न्हाऊ घालायला. चाळीशेक वर्षं हेच काम, मानपाड्याच्या पलीकडच्या चाळीतून चालत येतात. साठी ओलांडलेली, अंगानं काटक, तोंड सतत सुरू. आईंनी त्यांना दारातच थांबवलं. हात धुवा, कोपरापर्यंत. नखं दाखवा. ही धुतलेली साडी नेसा. आता परत हात धुवा.

जाईबाईंनी सगळं केलं. तिसऱ्यांदा साबण पुढे आला तेव्हा नळ बंद करून सरळ उभ्या राहिल्या.

"बाई, एक इचारू? हे जंतूचं धुणं हाय का जातीचं? जंतूचं असंल तर हजारदा धुते. दुसरं असंल तर माझ्या घरी भिंतीवर बाबासाहेब हायेत, मी चालले."

आईंचा चेहरा पांढरा झाला. त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले. भेगांमधून रक्ताचे बारीक टिपके आलेले.

"स्वतःला तरी सोडलंय का मी, जाईबाई?"

जाईबाई त्या हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे जंतूचं पण नाय, बाई. हे काय तरी तिसरंच हाय." आणि पदर खोचून मोरीत गेल्या.

पायांचा पाळणा करून त्यांनी बाळाला त्यावर घेतलं. तांब्यानं धार धरली आणि लगेच गळा सुरू.

गिझराचं ऊन पाणी, सोनं मोरीत सांडलं
चौथ्या गं माळ्यावर, मी चांदणं मांडलं.

"नाकात तेल घालू नका हं," आई दारातून म्हणाल्या.

"नाय घालत. आमची सून अमृता नर्स हाय. घरी बसून माझी शाळा घेती. नाकात तेल नाय, कानात तेल नाय, नाळेला हळद नाय, राख नाय. म्हटलं बाई, मग ठेवलंस काय मला? म्हणती, हात ठेवा. ते पण धुऊन."

मी हसले, घरी आल्यापासून पहिल्यांदा. वळून पाहिलं तर दारात आई नव्हत्या.

शनिवारी, सातव्या दिवशी, जाईबाई अकराला आल्या. बाळाचा लंगोट सोडला आणि दोन बोटांत धरून चाचपला.

"कधी बांधलास गं हा?"

"पहाटे. पाजायचा प्रयत्न केला तेव्हा."

"कोरडा हाय." त्यांनी बाळाच्या टाळूवरून अंगठा फिरवला. गाणं नाही, बोलणं नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळू परतली. "पोरी, किती मुततीय ही दिवसातनं?"

"सात लंगोट झाले काल. मी मोजलेत. ते बघा दोरीवर."

"टाळू खाली गेलीय हिची. सात कुठनं होतील?"

मी उठले. सात दिवसांत पहिल्यांदा बाल्कनीत गेले. उन्हात डोळे दिपले. दोरीवर ओळीनं लंगोट. एक, दोन, तीन, चार, पांढरे, कडेला पिवळी बदकं छापलेले, आम्ही ठाण्याहून आणलेले. त्यांच्यापुढे तीन. जुन्या मऊ धोतराचे, हातानं शिवलेले, धुऊन धुऊन सायीसारखे झालेले. कडेला लाल दोऱ्याची बारीक वेलबुट्टी. ते मी कधी बांधले नव्हते. घरात असे लंगोट आहेत हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

सातातून तीन गेले, उरले चार. कालचे चार, परवाचे चार. आणि आजचा एकही नाही.

मी ते तिन्ही ओढून काढले आणि स्वयंपाकघरात गेले.

"आई, हे कोणाचे?"

आई गॅसशी होत्या, पातेल्यात पाणी खळखळत होतं. त्यांनी वळून बघितलं. माझ्या हातातले लंगोट त्यांनी असे घेतले, जसं कुणी बाळ घेतं. एक हात खाली, एक हात डोक्याशी.

"तिचे."

"कोणाचे?"

"सौमित्रच्या आधीची." आवाज अगदी साधा, हजेरी घेताना असतो तसा. "रोज धुते मी. एरवी आत वाळवते. तुझे बाहेर घातले तर वाटलं, हिलाही ऊन मिळू दे."

"आई, मी हेच मोजत होते! डॉक्टरांना फोनवर सात सांगितले मी! बाळाला शू होत नाहीये, आई!"

त्या गॅस बंद करायला विसरल्या. तो मीच केला. मग डॉक्टरांना फोन लावला. आकडा बदलून सांगितला, टाळूचं सांगितलं.

"आत्ता किती वाजले? साडेअकरा. ऐका, बाळ उठवल्यावर डोळे उघडतंय? रडतंय? ताप नाही? मग एक करा. सतत छातीशी ठेवा, पाजत राहा. अंगावर घेत नसेल तर पिळून वाटी-चमच्यानं द्या. पाच वाजेपर्यंत लंगोट ओला झाला नाही, किंवा त्याआधी बाळ मलूल झालं, तर बॅग घेऊन सरळ इकडे या."

साडेपाच तास. मी पलंगावर बसले. हात सवयीनं वाट्यांकडे गेला. फेस, पाणी, दुधाळ पाणी. बोळा बुडवला.

"काय करतीस?" जाईबाईंनी विचारलं.

"धुते."

"दर वेळी?"

"दर वेळी."

त्यांनी माझ्या गळ्याशी नाक आणलं आणि जोरानं हुंगलं, कलिंगड हुंगावं तसं. "अगं, तुझ्या अंगाला दवाखान्याचा वास! बाईचा कुठाय? हिला अजून धड दिसत नाय. वासावर येती ती. तू रोज बारा वेळा आपलं घर पुसून टाकतीस आन् मग म्हणतीस पाहुणा का येत नाय?"

त्यांनी तिन्ही वाट्या उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या.

आंधळं वासरू, कोण वाट त्याला दावी
अंगाच्या गं वासावर, माय आपली ओळखावी.

हे गाणं नव्हतं, जाईबाई दटावल्यासारखं बोलल्या. पण दाराशी कुणीतरी हुंदका गिळला.

"जाईबाई, त्या वाट्या ठेवा तिथे." आई आत आल्या होत्या. ते तीन लंगोट छातीशी. "न धुता नाही पाजायचं. तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे."

"बाई, हात धुवा म्हणती आमची अमृता, शंभरदा. थानाला साबण लावू नका म्हणती. त्याचं त्याला तेल असतं आतून. ते गेलं की चिरतं. बघा पोरीचं काय झालंय."

"तिनंही सातव्या दिवशी प्यायचं सोडलं होतं."

जाईबाई खाली टेकल्या.

आई खिडकीखालच्या जागेकडे बघत बोलत होत्या. "नाळ ओली होती तिची. शेजारीण म्हणाली, राख लाव, दोन दिवसांत खडखडीत सुकेल, आम्ही सगळ्यांनी लावली. मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते, जाईबाई. सूक्ष्मदर्शक होता माझ्या टेबलावर. आणि मी तिच्या शेगडीतली राख चिमटीत घेतली आणि लावली. या हातानं. सातव्या दिवशी जवळ घेतलं तर तोंड उघडेना. मला वाटलं, रुसली. हसले मी. रुसलीस का गं, म्हटलं. संध्याकाळी जबडा असा... असा घट्ट. पाठ धनुष्यासारखी. नवव्या दिवशी गेली. बाराव्याला बारसं होतं. नावाशिवाय गेली. तिला हाक कशी मारायची तेसुद्धा मला माहीत नाही. म्हणून ती रडते तेव्हा मला नुसतं ऐकावं लागतं."

चौतीस वर्षं. सौमित्रला बहीण होती हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सासरे दुपारी वाचनालयात का जातात, ते मला त्या क्षणी कळलं.

"आणि ही पण तोंड फिरवते," आई म्हणाल्या. "बुधवारपासून बघतेय मी. तसंच. अगदी तसंच. मी किती धुतलं तरी तसंच."

मला भीती वाटली. खरं सांगते, त्या खोलीत त्या वेळी मलाही वाटलं की खिडकीखाली कुणीतरी आहे आणि ते माझ्या मुलीला आपल्या बाजूला ओढतंय. मी बाळाला इतकं घट्ट धरलं की ती कण्हली.

जाईबाई मात्र उठल्या आणि आईंसमोर उभ्या राहिल्या. आता त्यांच्या बोलण्यातली 'बाई' गेली होती.

"नीला, हिला इंजेक्शन दिलेत ना, पोटुशी असताना? धनुर्वाताची?"

"दोन," मी म्हटलं.

"आन् हिच्या नाळेला कोणी काय लावलं?"

"काही नाही."

"मग हिचं तोंड मिटलंय का उघडं हाय, ते बघ. बोट घाल."

"मी नाही."

"तूच. मी घातलं तर तू म्हणशील जाईला काय कळतं. पोरीनं घातलं तर म्हणशील ती लहान हाय. तुझ्या बोटाला कळू दे."

आई मोरीत गेल्या. नळ सुरू झाला. साबणाचा आवाज, पाण्याचा आवाज, पुन्हा साबण. मिनिटं गेली. मी जाईबाईंकडे पाहिलं, त्यांनी नुसती मान हलवली, येऊ दे. नळ थांबला. पुन्हा सुरू झाला. पुन्हा थांबला. आई ओले हात वर धरून आल्या, शस्त्रक्रियेला निघालेल्या माणसासारख्या. पाणी कोपरांवरून टपकत होतं. नखं मुळापासून कापलेली.

करंगळी पुढे आली आणि बाळाच्या ओठांपाशी थांबली. बाळानंच मान वळवली. ओठ लागले, उघडले, आणि त्या भेगाळलेल्या बोटावर मिटले.

आईंच्या तोंडातून आवाज आला, चटका बसल्यासारखा.

"काय?" मी ओरडले. "काय झालं?"

"ओढतेय." त्या म्हणाल्या. "अगं वल्लरी, ओढतेय ही. जोरात ओढतेय. जीभ लागतेय मला."

"भूक हाय ती," जाईबाई म्हणाल्या. "चला, आता रडायला येळ नाय."

मग काम सुरू झालं. मी हात धुतले, साबणानं, एकदाच. जाईबाईंनी साधं ऊन पाणी आणलं, मऊ फडकं भिजवून पिळलं, माझ्या छातीवर ठेवलं. जंतुनाशकाचा वास हळूहळू उतरला. बाळाचं झबलं काढून तिला उघड्या अंगाशी ठेवलं, वर माझी ओढणी. दोन बोटांनी कसं दाबायचं ते दाखवलं. पहिल्यांदा काही नाही, मग एक पिवळट थेंब, मग दुसरा. "हे चिरलेल्यावर लाव. याच्यासारखं मलम नाय."

वाटतं तितकं सोपं नव्हतं. बारा वाजता तिनं तोंड फिरवलं. साडेबाराला फिरवलं. पाऊण वाजता चमच्यानं पिळलेलं थोडं पाजलं, अर्धं गालावरून ओघळलं. एक वाजता तिनं धरलं आणि मला कळ अशी आली की डोळ्यांपुढे काजवे. मी ओरडले, ती सुटली. जाईबाईंना दुसऱ्या घरी जायचं होतं, त्यांनी फोन करून सांगितलं, "आज नाय जमत, आज एकीचं लेकरू वाट चुकलंय."

"नुसतं टोक नको देऊस," आई अचानक म्हणाल्या. पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, त्यांचा आवाज शाळेतला झाला होता. "तोंड मोठं उघडेपर्यंत थांब. हनुवटी आधी लागू दे. आता. आता आण तिला, तू वाकू नकोस." आणि त्यांचा हात बाळाच्या मानेमागे आला. पाठीला एक हात, मानेला एक. चौतीस वर्षांपूर्वीचं हातांना आठवत होतं.

बाळानं नाक घासलं. हुंगलं. आणि यावेळी थबकली नाही.

कळ आली, मी दात आवळले, मग कळ बोथट झाली. एक ओढ, दोन ओढी, तीन ओढी, आणि गळ्यात बारीक आवाज. गुटक. पुन्हा गुटक.

"गिळतेय," आई कुजबुजल्या.

तीन वाजले असावेत. कंपन्यांकडून वास आला, कुणी उठून खिडकी लावली नाही. आईंनी एकदम खिडकीखाली पाहिलं. मी पण. बाळ पीत होतं.

"थांब हं," आई हलकेच म्हणाल्या, त्या बाजूला. पंगतीत मागे बसलेल्या पोराला वाढपी म्हणतो तसं. "जरा थांब. हिचं होऊ दे."

जाईबाईंनी डोळे मिटून घेतले. पण बाळ पीत राहिलं, आणि आईंचा हात तिच्या पाठीवरून हलला नाही.

पावणेपाचला लंगोट ओला झाला. थोडासा, लिंबाएवढा डाग. मी तो हातात धरून हमसून हमसून रडले. जाईबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, नाकाला लावला, म्हणाल्या, "अत्तर!" मी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, रात्रीपर्यंत अजून दोन व्हायला हवेत. तीन झाले. रविवारी सहा. ते मी बांधले, मी सोडले, आणि कागदावर रेघा मारून मोजले. दोरीकडे पाहिलं नाही.

सौमित्रला आईंनीच सांगितलं, रविवारी सकाळी, चहा गाळताना. त्यानं हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग विचारलं, "किती मोठी असती?" आई म्हणाल्या, "चौतीसची." तो उठला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला, त्या तीन जुन्या लंगोटांपाशी.

सोमवार उजाडला. नववा दिवस. आई पहाटेपासून तयार होऊन बसल्या होत्या. सौमित्र बाईकवर पुढे गेला, मी आणि आई रिक्षात. बाळ आईंच्या मांडीवर होतं. मी मागितलं तर त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

काट्यावर बाळ उघडं ठेवलं. आकडे वर गेले, खाली आले, थरथरले.

"दोन किलो पाचशे चाळीस," डॉक्टर म्हणाल्या. "वीस ग्रॅम वाढलंय. जास्त नाहीये. पण शनिवारी ज्या स्थितीत होती त्या मानानं चांगलं आहे. भरती नको. गुरुवारी परत दाखवा."

"आज नववा दिवस आहे," आई म्हणाल्या.

"हो, म्हणूनच बोलावलं ना काकू." डॉक्टरांना दुसरं काही कळायचं कारण नव्हतं.

परतताना मानपाडा रस्त्यावर रिक्षा अडकली. रस्ता एका बाजूनं खोदलेला, समोर कंपनीकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग, धुळीचा पडदा. बाळ जागं झालं. आधी तोंड इकडेतिकडे केलं, मग मूठ चोखली, मग भोकाड. मी घड्याळ बघितलं, बाहेर बघितलं. घर अजून वीस मिनिटं.

"घरी गेल्यावर देते," मी म्हटलं. "इथे कसं?"

"तिला आत्ता हवंय." आईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. "हात बाहेर काढ."

मी हात रिक्षाबाहेर धरले. त्यांनी कागदी साबणाची चकती दिली, पाणी घातलं. मी चोळले, त्यांनी धार सोडली. ट्रकची धूळ आमच्या अंगावर येत होती. मी पुन्हा हात पुढे केले.

"पुरे," आई म्हणाल्या.

त्यांनी पदर सोडून रिक्षाच्या उघड्या बाजूला आडवा धरला, एक टोक दांड्याला, एक टोक मुठीत. धुळीच्या बाजूला स्वतः बसल्या. बाळानं हुंगलं, शोधलं, धरलं. रिक्षावाल्यानं आरशाची मान वर वळवून घेतली आणि इंजिन बंद केलं.

"मावशी, बसा निवांत. ही लाईन काय हलत नाही आता."

आई बाळाच्या जबड्याकडे बघत होत्या. तो खाली, वर, खाली, वर. त्यांचे स्वतःचे ओठही तसेच हलत होते, आणि पदर धरलेली मूठ पांढरी पडली होती. दुपारचे बारा वाजले होते. नवव्या दिवसाची अजून अर्धी वाट उरलेली होती.